पाठराखीण

२ मे, लोणार
लग्नानंतर शीतलसोबत पाठराखीण म्हणून सासरी कोण जाणार, दादाने विचारलं. शीतल पटकन म्हणाली, "आत्या." वहिनी: "त्याईच्याकडे सवाष्ण लागते, शीतल." घटस्फोट हा शब्द वहिनी उच्चारत नाही. 'ताईचं तसं' म्हणते.
मी हो म्हटलं.

३ मे
शीतलसाठी जातेय, की वहिनीला दाखवायला? थोडं ते दुसरंही आहे. तरी जाणार.
शब्दच पाहा. पाठ राखायची, पण कोणापासून? माझ्या लग्नानंतर माझ्याबरोबर शकूमावशी आली होती. तिने सगळं पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, "पोरगी रमली." तिला दोष देत नाही... नाही, देते.

७ मे, साखरखेर्डा
लग्न झालं, शीतलबरोबर इथे आलो. शीतलच्या सासूबाई दारातच: "आमच्यात पोरीसंगं पोर धाडतेत. तुमी तं मास्तरीनबाई आल्या." म्हटलं, "मोठी आली तर बिघडलं काय?" हसल्या. माणसं वाईट नाहीत, हेही लिहायला हवं.

८ मे
जेवताना सासरे म्हणाले, शीतलची बी.एड.ची परीक्षा यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू. शीतलची मान खाली. जावई भातावर वरण ओतत राहिले. लग्न ठरलं त्या सुपारीच्या बैठकीत सासऱ्यांनीच शब्द दिला होता, परीक्षा होईल. मी तिथे होते. तेच सांगितलं.
दीर मोठ्याने: "पाठराखीण हाय का वकील बे ही?"
"पाठराखीणच. पाठ राखून राह्यली." कॉलेजात घालवलेली वऱ्हाडी अशी अचानक तोंडात आली.
कोणी हसलं नाही. सासूबाईंनी न विचारता माझ्या ताटात पोळी टाकली. रागाने की कशाने, कळलं नाही.

९ मे
रीतीप्रमाणे आज मी परत जायचं. सासूबाईंनी साडी-नारळ काढून ठेवलाय. दादाचा फोन: "ये ना बाई आता. काऊन तमाशा करून राह्यली?" म्हटलं, परीक्षेचं ठरू दे.
फोन ठेवल्यावर घाबरले. शीतलला इथे राहायचंय, मला नाही. माझ्या ताठ्याची किंमत तिने का द्यावी? पण शकूमावशीलाही असंच वाटलं असेल.
मागच्या अंगणात शीतल धुणं धूत होती. विचारलं, "जाऊ का? खरं सांग."
उठली. आत गेली, माझ्या भरलेल्या पिशवीतली साडी काढून आणली आणि बादलीत बुचकळली. पिळून दोरीवर टाकली.
दुपारची एस.टी. गेली. मे महिन्याचं ऊन, साडी केव्हाच वाळली असेल.
वाळू दे. पुन्हा बुचकळायला बादली भरलेली आहे.