कॅलेंडरचा खिळा

४ जानेवारी

आजही खिळ्याला पोचले नाही. कॅलेंडरचा खिळा. तिथवर भिंतीवरून बोटं चालवत न्यायची, पोचेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची, तारीख घालायची. डॉक्टरांचा गृहपाठ! बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, आणि सप्टेंबरात उजवा खांदा काय आखडला, मलाच भिंतीवर झुरळासारखी बोटं चालवायला लावली.

आजची खूण कालच्याच जागी. खिळ्याच्या चार बोटं खाली.

५ जानेवारी

अंबाडा गौराबाईनं घातला. ती भांड्यांना येते, वेणीफणीला नाही. पण काय करणार! "बाई, खांद्यात वारं भरलंय. म्या दोन दिस तेल लावते, बघा कसा पळतोय हात."

मी सांगितलं, वारं नसतं भरत. सांध्याभोवतीची पिशवी आवळते.

"व्हय का? मग पिशवी सैल करा की!"

अंबाडा कानावर आलाय. तसाच मिरवला दिवसभर.

८ जानेवारी

नळदुर्गला डॉक्टरांकडं. ते म्हणाले, "मॅडम, खांदा उघडा करा, पुढूनही बघू द्या." म्हटलं, पदरावरून बघा. पदरावरूनच दाबलं त्यांनी. "चार महिने झाले. एवढा राहायला नको. व्यायाम टाळताय तुम्ही."

टाळतेय! मठ्ठ पोराला बोलावं तसं! एसटीत तात्याराव शेंगा सोलत म्हणतात, "तुझं उत्तर चुकलं म्हणलेलं तुला कवा सोसलंय?" पन्नास वर्षांचा संसार, आणि नवरा डॉक्टरच्या बाजूनं.

सोलापूरच्या मिशन बोर्डिंगात आम्ही परकर छातीशी बांधून आंघोळ करायचो. सिस्टर दाराबाहेरून विचारायच्या, बांधलाय ना? सत्तरी आली तरी न्हाणीत तो आवाज येतो. हे कुणाला सांगू?

९ जानेवारी

खूण तिथंच.

१२ जानेवारी

श्रावस्ती आली. नात माझी, फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला. वीस तारखेला तोंडी परीक्षा — खांदा आणि छाती. आल्या आल्या भिंत बघितली. "आजी, सगळ्या खुणा एका रेषेत कशा?" म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना विचार.

१३ जानेवारी

माझी पाठ म्हणजे तिचा फळा! भुवया कोरायच्या पेन्सिलीनं मानेपासून कमरेपर्यंत स्नायू काढले. डेल्टॉइड खांद्यावर टोपीसारखा. हात बाजूला उचलायला सुरुवात कोण करतं, असं मी विचारलं, तर अडखळली. सुप्रास्पिनेटस! मग पुढं डेल्टॉइड! "आजी, तुम्हीच द्या परीक्षा."

गौराबाई दारातून वाकून बघत होती. "पोरीनं आजीचा नकाशाच काढलाय की! यात आपलं अणदूर कुठं?"

लई हसलो. अर्धा तास मी पुन्हा वर्गात होते.

१४ जानेवारी

"पाठ झाली. आता पुढचं. छातीचा पेक्टोरॅलिस मेजर."

म्हटलं, ते पुस्तकात बघ.

"तुम्ही वर्गात कसं शिकवायचा?"

चहा ठेवायला उठले. शिकवलंच नाही! तक्ता लावला की पोरं खुसखुसायची, मुली खाली बघायच्या. मी तक्ता गुंडाळायची आणि म्हणायची, "छातीचं घरी वाचा." बत्तीस बॅचेस. एकीनंही विचारलं नाही, घरी कुणाकडून.

१६ जानेवारी

सकाळी पोरगी रडकुंडीला आली. सराव परीक्षेत ह्याच स्नायूला अडकली होती. "कॉलेजात मुली एकमेकींना हात लावू देत नाहीत. सगळ्या म्हणतात, वाच पुस्तकात."

वाच पुस्तकात. माझंच वाक्य फिरून घरी आलं.

दाराला कडी लावली. हुक मीच काढले. सिस्टर बाहेर उभ्या होत्याच — राहू देत!

तिनं गळ्याच्या हाडापासून रेषा ओढली, छातीच्या मधल्या हाडावरून खाली, मग तिरकी वर दंडापर्यंत. पंख्यासारखा पसरतो आणि निमुळता होत दंडात शिरतो, हे ती घडाघडा बोलली. शाबास म्हणणार होते. "आता दोन्ही हात कमरेवर दाबा, म्हणजे स्नायू ताठ होईल."

दाबले. तिची बोटं उजवीकडं सरकत गेली. थांबली. मागं आली. पुन्हा तिथंच थांबली.

"सैल सोडा, आजी." सोडले. "परत दाबा." दाबले. असं तीनदा.

त्यानंतर तिनं एकाही स्नायूचं नाव घेतलं नाही. हुक तिनं लावले.

१७ जानेवारी

सकाळी कापसाला तेल लावून तिनं सगळ्या रेषा पुसल्या. एक लहान गोल तेवढा ठेवला. "हा पुसू नका. उद्या सोलापूरला दाखवायचा. मी आहे बरोबर."

खांदा डिसेंबरातच सुटला होता. ह्या वहीशीही खोटं बोलले. त्याच महिन्यात आरशासमोर हात वर केला, तेव्हा ह्या गोलापाशी छातीची कातडी आत ओढली गेलेली दिसली. त्यानंतर त्या खुणेच्या वर हात नेलाच नाही.

आज नेला. बोटं खिळ्याला लागली.