थोराच्या अकरा रात्री

गुंडर,

गाडी आणि दोन्ही घोडे मी नेले आहेत. आज जमीन कचेरीत थोराची जमीन तिच्या नावावर व्हायची आहे. शेजारी म्हणून जी साक्ष द्यायला तू ऐनवेळी नकार दिलास, ती मी देणार आहे. नाहीतर त्या विधवेची पाच वर्षांची मेहनत वाया जाईल.

काल जेवताना तू म्हणालास, "आई, कायदा म्हणजे कायदा. तिने स्वतःच्या जमिनीवर सलग पाच वर्षं राहायला हवं होतं, तरच सरकार ती नावावर करतं. अकरा रात्री ती आपल्याकडे झोपली!" बर्फाच्या भाराने तिच्या घराचे छप्पर कोसळले, म्हणून मीच तिला बोलावून आणले होते. त्या दिवसांत तिच्या गाईचे दूध तू रोज दोन पेले पीत होतास. ते मोजलेले दिसत नाहीत. तिच्या जमिनीतून ओढा वाहतो आणि तुझा डोळा त्यावर आहे, हेही मला ठाऊक आहे. मी म्हातारी झाले आहे, आंधळी नव्हे.

अमेरिकेत, या डाकोटात आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी वणव्यात आपले घर जळाले. तू तेव्हा पाळण्यात होतास. महिनाभर आपण थोराच्या वडिलांकडे राहिलो. पुढे आपली जमीन नावावर करताना कचेरीत अधिकाऱ्याने त्या महिन्यावर बोट ठेवले, तेव्हा साक्षीला आलेले थोराचे वडील म्हणाले, "साहेब, शेजाऱ्याच्या चुलीपाशी काढलेले दिवस आम्ही घरचेच धरतो." आज मी तेच सांगणार आहे.

मी सायंकाळपर्यंत परतेन. थोरा माझ्याबरोबर आहे, तेव्हा तिच्या गाईची धार तू काढायची आहेस. बादली घेऊन जा. पेला नेऊ नकोस.

आई