नदीकाठच्या विहिरीपर्यंतची वायर

दादा, आज मिक्सर लावला तसा स्वयंपाकघरातला बल्ब मंद झाला आणि मी या वयात पोरीसारखी हसले. तुम्हीही हसला असता, म्हणून लिहायला बसले. हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, हे ठाऊक आहे.

दुष्काळाचं साल होतं. वरची विहीर आटली म्हणून तुम्ही मोटर प्रवरेकाठच्या विहिरीवर नेलीत, खांबापासून पार लांब, आणि तिथवर मिळेल ती बारीक वायर ओढलीत. गहू ओंबीवर आलेला. एक पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाहीतर नुसतं काड. आणि मोटर गुरगुरायची, पण फिरायची नाही. "वाटंत कुठंतरी गळतीय," तुम्ही ठरवूनच टाकलंत. पाट फुटला की कडेकडेने चालत भगदाड शोधायची तुमची जन्माची सवय. तसेच वायरीच्या कडेने चालत होतात, प्रत्येक जोडाला पट्टी गुंडाळत. मी संगमनेरच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली. सरांनी नुकताच व्होल्टेज ड्रॉप शिकवला होता. तुमच्यामागे चालता चालता तो धडा मला एकदम उमगला आणि मी ओरडलेच, "दादा, गळत न्हाई! जोर कमी पडतोय!"

"गळल्याबिगर जोर कुठं जाईल?"

मी विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीत बल्ब जोडते. मोटर बंद, बल्ब लख्ख. "गळत असतं तर आत्ताच मिणमिणला असता ना?" तुम्ही बटण दाबता. मोटर गुरगुरते आणि बल्ब निखाऱ्यासारखा लाल होतो. बटण बंद, पुन्हा लख्ख! मी एका दमात सांगत सुटते: मोटर वीज ओढायला लागली की लांब, बारीक वायर आधी आपला वाटा खाते, उरलेला जोर मोटरीला मिळतो. ओढच नसेल तर वायर काहीच खात नाही. तुम्ही बल्बकडे बघत सावकाश म्हणता, "म्हंजी ओढ लागली का वायरच दमती." व्हय, दादा, व्हय! पुस्तकातही इतकं सोपं नव्हतं.

मग ओढ दोन वायरींत वाटली जावी म्हणून वरच्या विहिरीची पडून असलेली वायर आपण मेन स्विच बंद करून खांबापासून पहिलीच्या जोडीला लावली. ती निम्म्या वाटेपर्यंतच पुरली.

"निम्म्यानं भागंल का?" तुम्ही विचारलंत.

"तेवढा तरी दम वाचंल."

मोटर जळाली असती तर दुसरी नव्हती. तरी कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या लेकीचं ऐकून तुम्ही बटण दाबलंत. मोटर गुरगुरली, अडखळली आणि फिरली! पाइपातून पाणी उसळलं, मी उड्या मारायला लागले, आणि तुम्ही मात्र बल्ब बघत होतात. तो मंद होऊन पुन्हा उजळत होता. "पोरी, हे शिकणं आता सोडायचं न्हाई," म्हणालात आणि खोरं उचलून गव्हाकडे पळालात. तुम्हाला पळताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मी ते सोडलं नाही. जन्मभर तेच शिकवलं, आणि वायर दमते म्हटल्यावर कुठल्याही पोराला कळायचं. आता माझा मुलगा म्हणतो, आई, स्वयंपाकघरातली वायर बारीक आहे, बदलून टाकू. वायरमनलाही घेऊन आला होता. मी त्याला चहा पाजला आणि सणानंतर बघू म्हणून परत पाठवला. वायर बारीक आहे हे मला कुणी सांगायला नको. पण ती बदलली की बल्ब मंद व्हायचा नाही, दादा.