लुआबाचं झाड

माय, तू निजामाचं राज्य जायच्या आधीच गेलीस, मधे मोठा दुष्काळही येऊन गेला, आणि मी आज तुझ्याशी एका शब्दावरून भांडायला बसलोय. तुझ्या सुनेचं तापानंतर तोंड आलंय, घसाही सोललाय. पाण्याच्या घोटानंसुद्धा डोळे भरतात. डॉक्टरांच्या गोळ्या गिळायच्या कशा? काल तुझी आठवण काढून म्हणाली, "आत्याबाईंचं लुआब द्या. बाळंतपणात आसंच झालं व्हतं, तवा तेवढंच उतरायचं. तुमी तर सगळी झाडं वळखता."

ओळखतोच. शाळा चौथीत सुटली, पण जुने ग्रंथ मिळवून एकेक पान झाडाशी पडताळून शिकलोय. जिंतूरच्या बाजारात लोक पाला आणून मलाच दाखवतात. फक्त लुआब कुठल्याच ग्रंथात सापडलं नाही. तू चुलीपुढं बसलेली दिसतेस. कल्हईच्या भगुण्यात भिजवलेलं काहीतरी बोटानं ढवळतेस, पळीनं नाही. धुवट फडक्यातून पिळतेस, तार सुटते, वरून खडीसाखरेची पूड. मी विचारतो, "काय हाय गं हे?" तू म्हणतेस, "लुआब. गप पी." मी ते झाडाचं नाव धरून चाललो.

आज परभणीला जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडं जाऊन लुआबाचं बी मागितलं. म्हातारा हसला. "लुआब म्हंजी बुळबुळ, साहेब. लाळेलाबी लुआबच म्हंत्यात. त्याचं झाड घावलं तर मलाबी एक रोप आणा." मग इसबगोल, बिहीदाणा, तुकमराई अशा भिजवल्या की बुळबुळीत होणाऱ्या बिया माझ्यापुढं मांडून म्हणाला, "लुआब ह्या समद्याचं निघतं. तुमच्या आईनं कशाचं काढलं, ते मी काय सांगू?"

म्हणजे मी इतकी वर्षं शोधत काय होतो? तू मला उडवून लावलंस, की तुलाही ते नावच वाटत होतं? की हाती येईल ते भिजवायचीस, आणि माझा प्रश्नच चुकीचा होता? एका बाजूनं विचार केला की दुसरी सुटते.

शेवटी बिहीदाणा आणला, भिजवला, तुझ्यासारखा बोटानं ढवळून गाळला. तिनं थांबत थांबत वाटी संपवली. "हेच ते," म्हणाली.

"नीट आठवून सांग. हेच का?"

"गिळता आलं की. आता वकिलावाणी काय इचारायलात?"

ती झोपल्यावर वाटीच्या कडेला राहिलेलं मी चाटून पाहिलं. काहीच कळलं नाही. माय, तू पाजायचीस तेव्हा मी नाक दाबून एका दमात गिळायचो. ते लागायचं कसं, हे मला कधी ठाऊकच नव्हतं. तिला मात्र झोपायच्या आधीच मी म्हणालो होतो, हो, हेच ते.