बाबांना वाचून दाखवलेल्या तीन कादंबऱ्या

१४ सप्टेंबर, दुपारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद, आणि बाळाचा एक पापा. टाके वाळले, तू घरात हिंडायला लागलीस, बाळ रडून आळी डोक्यावर घेतं, असं तुझ्या नवऱ्याने फोनवर सांगितलं तेव्हा किती हलकं वाटलं म्हणून सांगू. डॉक्टरांनी तुला पलंगावरून उठायचं नाही, मनाला कसला त्रास करून घ्यायचा नाही, अशी तंबी दिली तेव्हापासून आपला हा शिरस्ता पडला. महिनाभर मी बाबांना काय वाचून दाखवलं ते तुला कळवायचं. आता तुला माझ्या पत्रांची गरज उरली नसेल. तरी हे वाच. नवरा घरात असताना वाच.

तुझ्याशी फोनवर बोलायचं मीच टाळलं. ते का, ते ओघात येईल.

पहिली कादंबरी जाडजूड. कापडाच्या दुकानावरून भांडणाऱ्या तीन भावांची. ग्रंथपालबाईंनी ‘रडाल हं’ म्हणून हातात ठेवली, पण मला काही रडू आलं नाही. एकही भाऊ दुकानात बसून गिऱ्हाईक करताना दिसत नाही, नुसती वाटणीवर भाषणं ठोकतात. मधली जाऊ मात्र झकास उतरलीय. सासूसमोर मुकी आणि स्वयंपाकघरात तोफखाना. तिच्या प्रत्येक वाक्याला बाबा मांडीवर थाप मारायचे. डोळे पुरते गेल्यापासून ते ऐकताना मान एका बाजूला कलती ठेवतात. ते खुर्चीत, मी खिडकीशी, आणि चहा झाला की दिवे लागेपर्यंत वाचन.

पुस्तक निम्मं झालं असेल. एके दिवशी मी खुणेचं पान उघडलं तर बाबा म्हणाले, दुकानाचं राहू दे, तो नदीतून वर आलेला माणूस पुढे कुठे गेला ते वाच. मी म्हटलं, बाबा, यात नदीच नाही. तर म्हणाले, कालच तर वाचलंस, दगडावर बसून त्याने शर्ट पिळला आणि एक थेंब पडला नाही. मी आदल्या दिवशीची पानं पुन्हा चाळली. सगळीकडे कापडाचे तागे. त्यांना डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल, असं म्हणून मी विषय बदलला. आणि कपबशा उचलून आत गेले.

दुसरी रहस्यकथा. मुलींचं वसतिगृह, मुख्याध्यापिकेचा खून, आणि संशय सगळ्यांवर. लेखिकेने गुन्हेगार चांगला लपवलाय, फक्त शेवटी उलगडा करायला इतकी घाई केलीय की बसच सुटत होती जणू. ही ऐकायला समोरच्या नर्सबाई येऊन बसायला लागल्या. तू त्यांना ओळखतेस. निवृत्त झाल्या तरी आवाजात वॉर्ड आहे, आणि भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणाऱ्या. मुख्याध्यापिकेचं कपाट उघडतात त्या प्रकरणानंतर मी पाणी प्यायला थांबले, तर बाई म्हणाल्या, “तो अनवाणी चाललेला माणूस कोण हो? वाटेत कुणालाच काही विचारत नाही, आणि कुत्री त्याला बघून बाजूला होतात.”

मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून ती दोन्ही पानं वाचली. कपाट रिकामं निघतं, हवालदाराला शिंक येते, प्रकरण संपतं. बाईंनी पुस्तक मिटलं आणि माझी नाडी बघितली. म्हणाल्या, मी माझ्या कानांनी ऐकलं, आवाज तुमचाच होता. बाबा तसेच मान कलती ठेवून बसले होते.

त्यानंतर मी एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागले. छापलंय तेवढंच वाचतेय याची मला खात्री असायची. तरी पुस्तक ठेवलं की हे दोघं एकमेकांशी हळूच बोलायचे. आज मोठा रस्ता लागला. आज झाडाखाली बसला, पायात काटा होता तो काढला नाही. मला त्यातलं अक्षर ऐकू आलेलं नसायचं. फक्त घसा कोरडा पडायचा, आणि जिभेवर बारीक रेती आल्यासारखी वाटायची. चूळ भरली तरी जायची नाही.

आता कळलं ना, फोन का नको वाटला? तू बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, आणि माझ्या तोंडून भलतंच काही निघालं असतं तर?

तिसरी मी मुद्दाम विनोदी आणली. एका इमारतीतल्या सोसायटीच्या निवडणुकीची. पाण्याच्या टाकीवरून दोन गट पडतात, आणि अध्यक्षांच्या विरोधात त्यांची बायकोच उभी राहते. प्रचाराला दोघं एकाच स्कूटरवरून जातात तो भाग वाचताना मला हसू आवरेना. आणि तेवढ्यात बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“आला,” म्हणाले. “आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. थांबू नकोस.”

मी पुस्तक मिटलं. ते कपाटात टाकून कडी लावली. दोन-तीन दिवस वाचन बंद. बाबा जेवले नाहीत धड, रुसलेल्या मुलासारखे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेवटी मला सहन होईना. मी त्यांच्या पायाशी बसले आणि तोवर कुणालाच न सांगितलेलं सांगून टाकलं. तेच आता तुला लिहिते. धाकटे, खाली बस.

तुझा दादा गेला. त्या पुलाच्या कामावर गेला होता ना, तिथेच. वर कुठेतरी पाऊस झाला आणि नदीला एकाएकी लोंढा आला, त्यात मचाण गेलं आणि मचाणावरचा तोही. ठेकेदाराचा माणूस सांगायला आला तेव्हा मी पहिली कादंबरी नुकतीच वाचनालयातून आणली होती. बाबा आत झोपले होते. खूप शोधलं, म्हणाला. सापडला नाही, म्हणाला. जिना उतरताना त्याने दोनदा मागे वळून बघितलं. मी रडले नाही. कणीक मळली. तुला मी ‘दादाला तिथे फोन लागत नाही’ असंच कळवत राहिले, कारण तुझ्या पोटातला जीव धोक्यात होता. बाबांना सांगितलं नाही, कारण त्यांच्या काळजाचं तुला माहीत आहे. मला बोल लाव हवा तर. ते मी ऐकून घेईन.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मला ठाऊक होतं. शर्ट पिळला आणि पाणी आलं नाही, तेव्हाच कळलं मला.”

“मग मला वाचायला का लावत होतात?”

“घरी पोचू दे ना त्याला, पोरी. तू थांबलीस की तोही तिथेच थांबतो.”

त्या दुपारी ठेकेदाराचा माणूस बोलत होता तेव्हा बाबा आत जागे असतील, असं मी मनाला समजावून पाहिलं. पण मग नर्सबाईंचं काय?

परवा संध्याकाळी चहानंतर मी उरलेली प्रकरणं वाचली. नर्सबाईंना बोलावून घेतलं. निवडणूक होते, बायको जिंकते, अध्यक्ष तिच्या गळ्यात हार घालून स्वतःच टाळ्या वाजवतो. लेखकाने शेवट छान साधलाय. मी सगळं वाचलं, एकही ओळ न गाळता. मान वर केली तर नर्सबाई पदराने डोळे पुसत होत्या. बाबांचा उजवा हात मांडीवर उताणा होता आणि बोटं मिटलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. मी खोलीभर पाहिलं. आम्ही तिघंच होतो.

काय म्हणाला, म्हणून मी विचारलं. नर्सबाईंनी बाबांकडे बोट केलं. बाबा म्हणाले, “फार वेळ नाही बसला. धाकटीला बाळ झालंय, तिकडे जाऊन येतो म्हणाला.”

म्हणून हे पत्र. माझं एक काम कर. हे मनातल्या मनात वाचू नकोस. आता पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने वाच आणि नवऱ्याला समोर ऐकायला बसव. तुझ्या जिभेला रेती लागली तर घाबरू नकोस, मध्येच थांबू नकोस. फार लांबून चालत येतोय तो. तुला स्वतःला काही ऐकू येणार नाही. वाचून झालं की नवऱ्याला विचार, दादा काय म्हणाला. आणि ते मला लिही, शब्दन् शब्द लिही. माझ्याच तोंडून तो इतके दिवस बोलला, आणि मला एकटीला त्याचा आवाज अजून ऐकायला मिळालेला नाही.

अजूनही तुझी,
वहिनी