दांडग्याचा पुरावा

४ मार्च

कॅमेरा आला! अंगठ्याएवढा. गळाच्या वर, दोरीलाच बांधायचा — मासा आमिषावर झडप घालतो ते पाण्याखाली टिपायचं. बायको म्हणाली, "खाली लग्न आहे का कोणाचं?"

हसू दे! दांडगा एकदा दिसला की सासरेबुवांची बोलती बंद. दोन वर्षं हा तळ्यातला राक्षस दर रविवारी माझी काठी वाकवतो नि निसटतो. सासरे म्हणतात, तो मासा त्यांचा, त्यांच्याच गळाला लागतो, मी नुसत्या थापा मारतो. त्यावरून भांडण. ते तळ्याच्या पलीकडच्या काठावर, मी अलीकडे. बोलणं बंद, निरोप बायकोमार्फत. परवाचा निरोप — "पुरावा दाखवा, नाहीतर काठी माळ्यावर. कायमची!" मीही उलट कळवलं: दाखवला तर तुमची माळ्यावर!

८ मार्च

दोन तासांच्या चित्रणात नुसता चिखल. एक चिमुकला मासा कॅमेऱ्याला डोळा लावून गेला. शेवटी मी — काठावरून वाकलेला, तोंड उघडं. बायको: "सापडला की दांडगा!"

१५ मार्च

लागला!!! काठीची कमान झाली. आणि गंमत म्हणजे पलीकडे सासरेही उभे राहून ओढताहेत! दांडगे दोन की काय? बराच वेळ झुंज, मग दोरी एकदम सैल. कॅमेरा शाबूत. आता बघतो.

१५ मार्च, संध्याकाळ

चित्रण पाहिलं.

गढूळ पाणी. मग काहीतरी लाल. लोकर! सासूबाईंच्या उसवलेल्या स्वेटरची लोकर गळाला बांधणारा माणूस जगात एकच. तो गळ सरकत आला, माझ्या दोरीत अडकला — आणि हिसका! मी ओढतोय, ते ओढताहेत. दोन वर्षं आम्ही एकमेकांनाच पकडतोय!

बायको पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबांना दाखवू नकोस रे. रविवारच्या आशेवर आठवडा काढतात ते." वाईट वाटलं. माझं तरी काय वेगळं आहे म्हणा.

१७ मार्च

काठी माळ्यावर टाकली. निरोप धाडला: तुम्ही जिंकलात.

१८ मार्च

सासरे स्वतः दारात! "इतक्या सहज हरणाऱ्यातले नाही तुम्ही. काय लपवताय?" बसले ते चित्रण बघूनच उठले. तीनदा पाहिलं.

"म्हणजे... तो जोर तुमचा होता? जावईबापू!" इतके हसले की कवळी हातात आली. मग स्टुलावर चढून माझी काठी त्यांनीच उतरवली.

२२ मार्च

आज दोघं एकाच काठावर. कॅमेरा घरी. आता टिपायचं काय? चहा, गप्पा, मजा! तेवढ्यात माझी काठी वाकली, पार पाण्याला टेकली, हातातून सुटायला लागली. मी ओरडलो, "बाबा, ओढू नका हो!"

ते लोकर बांधत बसले होते. गळ त्यांच्या मांडीवर होता.