मन मोकळं करायचं शेड

मु. बाभुळगावजवळ,
नोव्हेंबर २००६

ती. विमलताईस,

नंदूचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि नागपूरचं पाणी, तिन्ही ठीक असावीत. माझं उत्तम चाललं आहे. कोकिळा गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो (वरण जमतं, पोळीचं नाव काढू नकोस). सलील दर रविवारी बंगलोरहून फोन करतो, मी 'मजेत' म्हणतो, तो 'बरं, बाबा' म्हणतो, की झाला फोन.

तर बातमी अशी की, कापसाचं हे असं होऊन शेतकरी औषध पिऊ लागल्यापासून गावाच्या सुरक्षेसाठी आणि मनःस्वास्थ्यासाठी आमच्या ग्रामपंचायतीला एक केंद्र उघडायला अनुदान मिळालं. सरपंच राजकुमारनं मला त्याचा प्रमुख केलं, कारण गावात सर्वांत रिकामा मीच दिसलो. टिनाचं शेड झालं, बाकं आली, पाण्याचा रांजण आला आणि वर हातभर अक्षरांत 'मन मोकळं करा' असा फलक लागला. जागा मी हट्टानं निवडली, बसथांब्याला लागून, सगळ्यांना दिसावी म्हणून. ताई, सारी नोकरी तहसील कचेरीत काढली तरी अक्कल येतेच असं नाही. मन मोकळं करायचं आणि तेही चारचौघांत! उपवर मुलीचा बाप तिथे नुसता टेकला तरी सोयरीक मोडायची.

पहिलं गिऱ्हाईक तांड्यावरचा रूपसिंग. यवतमाळच्या बसची वाट पाहत सावलीला बसला होता. कोणीतरी त्याला फलकाखाली पाहिलं आणि तासाभरात त्याचे मेव्हणे मोटारसायकलवर हजर, मागे बायको धुरपताबाई रडत. घरातलं फवारणीचं औषध त्यांनी आधीच शेजाऱ्याकडे लपवलेलं. "अरे, मी दात दाखवाले चाललो!" असं तो ओरडत होता, पण त्याला मधे बसवून घरी नेलंच. तेव्हापासून लोक उन्हात उभे राहून बसची वाट पाहतात. शेड माझं एकट्याचं झालं.

प्रमुख म्हणून मला बसणं भाग (घरी तरी कोण वाट पाहत होतं म्हणा). पण रोज संध्याकाळी एकच माणूस फलकाखाली बसलेला पाहून गावानं काढायचा तो अर्थ काढला. आधी माझ्या स्वयंपाकघरातून उंदराचं औषध गायब झालं (उंदीर मजेत आहेत). मग धुरपताबाई भाकर-ठेचा घेऊन आली. "नंदूभाऊ, एकले काहून बसून राह्यले? आंदी जेवा, मंग पाहू." मी इथला प्रमुख आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. तापातल्या पोराला म्हणावं तसं ती "हो, हो" म्हणाली आणि भाकर संपेपर्यंत हलली नाही.

आता रोज कोणी ना कोणी मला धीर द्यायला येतं. "तुमचं काय घेऊन बसले भाऊ, आमचं आयका," अशी सुरुवात होते आणि मग घरात पडून राहिलेला कापूस, लांबलेलं लग्न, उडालेली झोप, सगळं बाहेर येतं. परवा रूपसिंग आला. बाकावर टेकला आणि म्हणाला, "त्या दिवशी दात दुखत नव्हता, भाऊ." मी त्याला रांजणातलं पाणी दिलं आणि आम्ही दोघं शेवटची बस जाईपर्यंत बसून राहिलो.

पुढच्या गुरुवारी तपासणीला साहेब येणार आहेत. कोणी दुःखी सापडलं नाही तर केंद्र बंद आणि शेडमध्ये पंचायतीचा ट्रॅक्टर. आणि साहेबांसमोर 'मी दुःखी' म्हणणारा माणूस या गावात जन्मायचा आहे. ट्रॅक्टर आत गेला तर रूपसिंगनं कुठे येऊन बसायचं, याची मला फार काळजी लागली आहे.

असो. भाऊजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू

ता. क. : तू बुधवारच्या गाडीनं ये. दुःखी माणूस म्हणून मीच उभा राहणार आहे, पण साहेबांना घरचं कोणी सांगणारं हवं. कोकिळा गेल्यापासून नंदू फार एकटा पडलाय, ह्या शेडात माणसं भेटतात म्हणून तग धरून आहे, एवढं म्हण. पदर डोळ्याला लावलास तर उत्तमच.

पुन्हा ता. क. : साहेबाशी खोटं बोलावं लागेल म्हणून घाबरू नकोस. त्यात खोटं काही नाही.